कट्यारीला विचारा तिचं वय

माझी पहिली कट्यार ट्रकच्या कमानपाट्याची निघाली. जुन्या वस्तूंच्या बाजारातल्या एका विक्रेत्यानं ती मखमली म्यानातून अशी अलगद बाहेर काढली की मी घासाघीस करायचंच विसरलो. "सरदार घराण्यातली आहे साहेब, पेशवाईतली," एवढंच तो म्हणाला. घरी आल्यावर भिंग लावलं. पात्यावर बारीक कमानदार ओरखडे, सगळे एका मापाचे, एकाला एक लागून. असे ओरखडे विजेवर फिरणारा ग्राइंडर पाडतो. हातानं चालवलेली कानस सरळ रेघा पाडते, आणि त्याही कमीजास्त खोल. पातं मुठीला मिळतं तिथं नखानं खरवडलं तर करडी भरणी सुटून आली आणि तिच्याखाली वेल्डिंगचा ओघळ दिसला. मग गावच्या लोहाराकडे गेलो. त्यानं पातं उन्हात तिरकं धरलं आणि एका गोल डागावर बोट ठेवलं. कमानपाट्यांच्या चवडीतून बोल्ट ओवायला जे भोक असतं, ते बुजवलेलं होतं.

तेव्हापासून क्रम ठरला: आधी वस्तू वाचायची, गोष्ट नंतर ऐकायची. कट्यार, बिचवा, खंजीर, पेशकब्ज ही आपल्याकडची लढाऊ आखूड हत्यारं बघता बघता, हाताळता हाताळता जो ऐवज जमला, तो आज तुमच्यापुढे मांडतोय.

ठोसा मारा, वार होईल

कट्यारीची मूठ इतर कुठल्याच हत्यारासारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, म्हणजे छोटी शिडीच. त्या दांड्यांवर मूठ आवळली की पातं बोटांच्या पुढे, हाताच्या रेषेत सरळ येतं आणि उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना बसतात. ठोसा मारावा तसा हात पुढे फेकायचा. खांद्याचा सगळा जोर टोकाशी येतो.

आता ते टोक बघा. अस्सल लढाऊ कट्यारीचं टोक बऱ्याचदा उरलेल्या पात्यापेक्षा जाड असतं. साखळीच्या चिलखताची कडी फोडायची तर नाजूक टोक मोडून पडेल. घडवणाऱ्यानं लोखंड ठोकताना जागोजागी जाडी बदललेली असते: मुठीजवळ भरीव, मध्ये उतरती, मधल्या धारेवर उंचवटा, दोन्ही बाजूंना खोलगट आणि शेवटी पुन्हा जाड. नक्कल करणारा एकाच जाडीच्या पट्टीतून आकार कापतो. म्हणून मी नेहमी पातं समोरून न बघता कडेनं बघतो, डोळ्याच्या रेषेत धरून, सुतार फळी सरळ आहे का ते बघतो तसं. चोरी तिथं पकडली जाते.

नावांचा घोळ

'कट्यार काळजात घुसली' या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 च्या नाटकामुळे कट्यार हा शब्द मराठी घराघरात पोचला. पण अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'तली हत्यारांची यादी काढली तर शिडीसारख्या मुठीच्या या हत्याराला तिथं 'जमधर' म्हटलंय, आणि 'कटारा' हे नाव दुसऱ्याच हत्यारापुढे लिहिलंय. जगभरचे संग्राहक आज जमधरालाच कटार म्हणतात आणि आपणही म्हणतो. जुनी दप्तरं वाचताना मात्र शब्द दिसला म्हणून लगेच चित्र डोळ्यापुढे आणू नये.

बिचव्याचं नातं विंचवाशी. दोनदा वळलेलं निमुळतं पातं आणि बोटं ओवता येतील अशी वाटोळी मूठ. या वळणामागे म्हशीचं शिंग आहे. दक्षिणेत शिंगाचीच आखूड हत्यारं करत, आणि पोलाद आलं तरी आकार शिंगाचाच राहिला. काही बिचव्यांच्या मुठीला वाघनखं जोडलेली असतात. चिलानम हे खास दख्खनी हत्यार: मूठ आणि पातं दोन्ही पोलादाचं, दुहेरी वळणाचं, मुठीचा शेंडा दोन फाट्यांत उघडलेला. खंजरलीच्या मुठीवर अर्धचंद्रासारखी रुंद टोपी. पेशकब्जचं पातं आडवं कापून बघितलं तर इंग्रजी टी अक्षर दिसेल, कारण पाठ जाड आणि धार बारीक. तेही चिलखताच्या कड्यांवरच रोखलेलं.

मुंबईचं म्हणून गेलेलं पोलाद

1794 साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे गोळे पाठवले. इथले लोक त्याला 'वूट्झ' म्हणतात, असं त्यांनी कळवलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होतं असंच छापलं गेलं! खरं तर ते दक्षिणेत, मातीच्या मुशीत लोखंड आणि कोळसा बंद करून वितळवत. शब्दाचं मूळही कानडी 'उक्कू'पर्यंत नेलं जातं. मुंबई फक्त टपाल टाकायचं गाव होती.

पुढे या पोलादाच्या मागे लागला तो मायकेल फॅरडे. विजेचा तो फॅरडे, लोहाराचा मुलगा. जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन त्यानं 1819 पासून काही वर्षं वूट्झसारखं पोलाद तयार करण्याचे प्रयोग केले. रहस्य मात्र बराच काळ हाती लागलं नाही. 1990 च्या दशकात जॉन व्हरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहारकाम करणारे गृहस्थ यांनी मिळून दाखवलं की खनिजातलं अगदी किंचित व्हॅनेडियम हे पात्यावरच्या नक्षीचं एक मोठं कारण आहे. ठोकताना आणि पुन्हा पुन्हा तापवताना कार्बाइडचे कण ओळीनं जमतात, आणि पातं आम्लानं उजळलं की त्या ओळी पाण्यावरच्या लहरींसारख्या दिसतात. हाच तो जौहर.

बाजारात 'जौहरदार' म्हणून जे विकलं जातं, ते बहुधा तीनांपैकी एक असतं. पहिलं खरं वूट्झ: नक्षी अतिशय बारीक, वाहती, रेशमासारखी, कुठंही जशीच्या तशी परत न येणारी. दुसरं थरांचं, म्हणजे दोन प्रकारचं लोखंड एकमेकांवर ठेवून ठोकलेलं; त्यात लाकडाच्या रेषांसारखे जाड पट्टे दिसतात, आणि कडेनं बघितलं तर थर मोजता येतात. जुन्या काळीही असं काम होत असे, त्यामुळे थर दिसले की नकली, असं समजू नका. तिसरं निव्वळ फसवं. साध्या पात्यावर मेणाचा किंवा रंगाचा मुलामा देऊन आम्लानं वरवर कोरलेली नक्षी. हिची ओळख सोपी आहे. धारेजवळ, जिथं पातं झिजलंय किंवा पुन्हा घासलंय, तिथं खरा जौहर चालूच राहतो, कारण तो धातूच्या पोटात आहे. कोरलेली नक्षी तिथं येऊन थांबते.

लिंबू चोळून जौहर दाखवणारे विक्रेते भेटतील. त्यांचा हात धरा. जुन्या पात्यावर आम्ल लावणं म्हणजे चारशे वर्षांच्या कातडीवर चटका देणं.

गंज खोटं बोलू शकतो, पण फार वेळ नाही

नव्या पात्याला म्हातारं करायच्या युक्त्या ठरलेल्या: मीठपाणी, आम्ल, ओल्या मातीत किंवा शेणात पुरणं. त्यातून निघतो तो नारिंगी, सैल गंज, सगळीकडे सारखा पसरलेला. बोट फिरवलं की बोट रंगतं. काळानं चढलेला रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो, घट्ट बसलेला असतो आणि हाताला गुळगुळीत लागतो. खड्डे पडले तर जिथं ओल साठू शकते तिथंच पडतात: म्यानाच्या तोंडाशी, मुठीच्या बेचक्यात, नक्षीच्या खोबणीत.

झीजही तशीच हिशोबी असते. कट्यारीच्या आडव्या दांड्या तळहाताकडून गुळगुळीत होतील आणि बोटांच्या मधल्या खाचेत कानशीचे जुने घाव शिल्लक राहतील. उभ्या पट्ट्यांची आतली बाजू मनगटाला घासेल, बाहेरची म्यान बांधलेल्या शेल्याला. मी हत्यार हातात घेतो, डोळे मिटतो आणि अंगठा फिरवतो. हात जिथं आपोआप जातो, तिथंच ते झिजलेलं हवं. सगळ्या कडा सारख्याच बोथट असतील तर झीज मशीननं केलेली आहे.

आणखी एक शत्रू म्हणजे आपली स्वच्छतेची हौस. पूर्वी शिकलगार दगड आणि पूड बदलत, हातानं, धातूचा कल ओळखून पातं उजळायचा. आज वस्तू थेट बफिंगच्या चाकावर धरतात. चकचकीत होते खरी, पण कडा गोल होतात, कोरीव अक्षरं पुसट होतात आणि जौहर नाहीसा होतो. अस्सल कट्यार अशी पाच मिनिटांत मुकी होताना मी पाहिली आहे आणि त्याचं दुःख अजून जात नाही. घरी काय करावं? मऊ सुती कापड, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, हातात सुती मोजे. तेवढं पुरे.

सोनं कसं बसलंय ते बघा

पोलादावर सोनं चढवायची आपल्याकडची लोकप्रिय पद्धत कोफ्तगिरी. पृष्ठभागावर आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी पाडायची आणि तिच्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. जाळीचे दात सोनं धरून ठेवतात. दहापट भिंगाखाली, जिथं सोनं उडालंय तिथं, या जाळीच्या रेघा स्पष्ट दिसतात. तहनिशानचं काम याहून कठीण आणि महाग: पोलादात खोल खोबण कोरून तिच्यात सोनं भरायचं. ते उडालं तर मागे खाच राहते. सोनेरी रंग किंवा विजेचा मुलामा असेल तर खाली जाळीही नाही आणि खाचही नाही. नुसतं गुळगुळीत लोखंड.

पितळेच्या मुठीत साचा शोधा. ओतकामात साच्याच्या दोन भागांची रेघ राहते, आणि नक्षीच्या खोलगट भागात वाळूचे बारीक दाणे उमटलेले असतात. चांगला जुना कारागीर ओतल्यावर छिन्नीनं नक्षी पुन्हा कोरून काढायचा, म्हणून पाकळीची कड बोटाला टोचते. घाईच्या कामात पाकळ्या साबणाच्या वडीसारख्या लागतात.

एका उस्तादाच्या सह्या, तीनशे वर्षांच्या

'असदुल्ला इस्फहानी' ही सही असलेली पाती जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. हा उस्ताद इराणच्या शाह अब्बासच्या काळातला मानला जातो. पण त्याच्या नावाच्या पात्यांवरच्या तारखा आणि घडण पाहिली तर ती कुठल्याही एका आयुष्यात मावत नाहीत. 19 व्या शतकापर्यंत पोचतात. नाव हळूहळू प्रतीची खूण बनलं, पैठणीसारखं. त्यामुळे ही सही दिसली की उडी मारू नका, आधी पातं बघा.

युरोपच्या शिक्क्यांचंही तेच. 16-17 व्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांबरोबर युरोपची सरळ पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. ती इतकी आवडली की अशा पात्याच्या तलवारीला नावच फिरंग पडलं. लांब पातं मोडलं की त्याच्या तुकड्याची कट्यार व्हायची, म्हणून कट्यारीवर युरोपी खोबणी दिसल्या तर तो दोष समजू नका. इथल्या लोहारांनी मग जिनोआच्या पात्यांवरच्या कोयत्यासारख्या दातेरी खुणा आपल्याही कामावर उठवायला सुरुवात केली. म्हणजे शिक्का युरोपचा आणि पातं देशी, हे अगदी शक्य आहे. पण ती नक्कलही तीनशे वर्षांची असेल तर तीसुद्धा इतिहासच.

राजेशाही खुणांमध्ये सर्वांत मोहात पाडते ती छत्री. शाहजहानच्या स्वतःच्या खंजिरावर त्याचा किताब, वर्ष आणि छत्र कोरलेलं आहे. 2008 साली लंडनच्या लिलावात तो सतरा लाख पौंडांना गेला. अर्थात त्यानंतर छत्र्यांचा पाऊस पडला. खऱ्या कामात अक्षरांची वळणं लेखणीच्या लयीत असतात आणि सोनं खोबणीत बसलेलं असतं. नकलेत अक्षरं भीत भीत काढलेली दिसतात, जाडी एकसारखी आणि नुक्ते भलत्याच ठिकाणी. फारसी येत नसेल तर येणाऱ्याला गाठा. पुण्या-मुंबईत फारसी वाचणारे जाणकार आजही आहेत.

ठिपके बोलतात

मला स्वतःला छत्रीपेक्षा ठिपके प्रिय आहेत. बिकानेरच्या जुनागडातल्या शस्त्रागारातली हत्यारं आणि चिलखतं आज न्यूयॉर्क-लंडनपर्यंत पसरलीयत. त्यांतल्या अनेकांवर देवनागरी अक्षरं एकेक ठिपका ठोकून लिहिलेली आहेत. बिकानेरचे महाराजा अनूपसिंग औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत होते. आदोनीचा किल्ला पडल्यावर, 1689 च्या सुमारास, तिथलं शस्त्रागार त्यांच्या हाती आलं. ते राजस्थानात गेलं आणि कारकुनांनी प्रत्येक नगावर नोंद केली: कुणी, कुठून आणलं, कितवा नग. म्हणजे आदिलशाही दख्खनचं हत्यार वाळवंटात सापडतं आणि त्याच्या कुशीवर मूळ गावाचं नाव असतं!

हे ठिपके भिंगाखाली बघण्याजोगे असतात. खिळ्यासारख्या छिन्नीनं हातानं ठोकलेले, म्हणून प्रत्येकाची खोली वेगळी, आणि काठाला धातूची बारीक लकेर उठलेली. शतकानुशतकांत ती लकेर झिजून मऊ होते, आत काळा रंग बसतो. काल ठोकलेल्या ठिपक्याची लकेर बोटाला खरखरते आणि आतला धातू चमकतो. अक्षरं तीच, पण वय लपत नाही.

तंजावरची मोड

कट्यारींमध्ये देखणेपणाचा मान द्यायचा तर मी तंजावरला देईन. मुठीवर नागाच्या फण्यासारखं किंवा शिडासारखं फुगलेलं जाळीदार आवरण, शेंड्याला याळी या कल्पित श्वापदाचं तोंड, आणि पातं पानाच्या आकाराचं, शिरांसारख्या रेघा उठवलेलं. विजयनगरच्या परंपरेतली ही घडण नायकांच्या काळातही चालू राहिली. 17 व्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि हे शस्त्रागार भोसल्यांकडे आलं. 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले, राज्य कंपनीनं घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत तिथली बहुतेक हत्यारं मोडीत निघाली. निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेले, काही विलायतेला. जुन्या लोखंडाच्या भावानं याळींची तोंडं विकली गेली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. फण्याची कट्यार 'तंजावरची' म्हणून समोर आली की म्हणूनच सावध व्हा. वाचलेल्या नगांची संख्या मुळात थोडी आहे.

पेटीवरच्या अक्षरांपासून जपा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये उसनवारीनं साताऱ्याला आली तेव्हा रांगा लागल्या. ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्यातून संग्रहालयाकडे गेली होती. बरोबर एक पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर: शिवाजीनं ज्या वाघनखांनी मोगल सरदाराला मारलं, तीच ही. मोगल सरदाराला? अफझलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतलं पोर सांगेल. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली गेली ती हीच वाघनखं, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतःच सांगतं.

मला या प्रामाणिकपणाचं मोल फार वाटतं. वस्तू अस्सल असेल, जुनी असेल, आणि तरीही तिच्यावरची चिठ्ठी नंतरची आणि चुकीची असू शकते. वस्तूचं वय आणि तिच्याशी जोडलेला माणूस, हे दोन वेगळे दावे आहेत, दोघांना वेगळे पुरावे लागतात. जुनं पत्र, वाटणीपत्र, तारखेचा फोटो, एखाद्या सूचीतला क्रमांक, यांतलं काहीही हातात असेल तर बोलावं. "आजोबा सांगायचे" हा आदराचा विषय आहे, पण किंमत त्यावर ठरत नाही.

दगड, दात आणि शिंग

मोगली खंजिरांच्या मुठी घोड्याच्या, मेंढ्याच्या, नीलगायीच्या डोक्याच्या, आणि बऱ्याच जेडच्या. खरं जेड हाताला गार लागतं, आकाराच्या मानानं जड लागतं आणि साध्या चाकूनं ओरखडत नाही. शंखजिऱ्याची नक्कल नखानंही खरवडते. काचेत उजेडाकडे धरल्यावर बुडबुडे दिसतात. हैदराबादला गेलात तर सालारजंग संग्रहालयात जहांगीरचा जेडच्या मुठीचा खंजीर बघा. डोळ्याला खरं कसं दिसतं त्याची सवय व्हायला हवी.

पांढऱ्या मुठींचं कोडं वेगळं. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वाकड्या रेषांची जाळी दिसते. उंटाच्या हाडावर बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या असतात, कारण तिथून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. आणि 'माही दंदान', म्हणजे फारसीत माशाचा दात, तो मुळात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या वॉलरसचा सुळा; त्याचा गाभा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार दिसतो. बर्फातल्या प्राण्याचा दात दिल्ली-आग्र्याच्या खंजिराला! येमेनच्या जंबियाच्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असत, आणि 1970 च्या दशकात तिथं पैसा खेळू लागल्यावर त्या मागणीनं आफ्रिकेतल्या गेंड्यांचा जीव घेतला. माझ्या संग्रहात शिंगाची मूठ येणार नाही, हे मी ठरवून टाकलंय.

चटकन चार

दाबली की उघडणारी तीन पात्यांची कट्यार तुम्ही चित्रांत पाहिली असेल. आडव्या दांड्या आवळल्या की बाहेरचं पातं दुभंगतं आणि आतून तिसरं डोकावतं. बघायला जबरदस्त. पण शत्रूच्या अंगात असताना ते उघडायचं तर बोटांत राक्षसाचं बळ हवं. बहुतेक नग 19 व्या शतकातले, दाखवायला आणि नजराण्याला केलेले.

10 एप्रिल 1621 ला जालंदरजवळ आकाशातून लोखंड पडलं. जहांगीरनं ते खणून आणवलं आणि उस्ताद दाऊदकडे दिलं. नुसतं ते लोखंड हातोड्याखाली फुटू लागलं, तेव्हा तीन भाग उल्केत एक भाग साधं लोखंड मिसळावं लागलं. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

म्यानाची मखमल भडक जांभळी असेल तर एक वर्ष लक्षात ठेवा: 1856. त्याच वर्षी विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. त्याच्या जातीचा रंग शिवकालीन म्यानावर असू शकत नाही. शिवण यंत्राची आहे का तेही बघा. घरोघर शिवणयंत्र आलं ते 19 व्या शतकाच्या उत्तरार्धातच. मात्र मखमल नवी म्हणून हत्यार फेकू नका. म्यानं बदलली जातात, त्यांच्या तोंडाची मोहनाळ आणि टोकाची तहनाळ जुनी राहते.

मुठीत पातं बसवायला जुने कारागीर तापवलेली लाख ओतत. सांध्यात काळपट-तपकिरी, काचेसारखी तुटणारी भरण दिसली की मन आनंदतं. काळ्या दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासायच्या त्या दिव्याखाली, लाख नारिंगी झळकते. आजचे डिंक बहुधा निळसर पांढरे दिसतात. चारशे रुपयांचा दिवा, पण माझ्या पिशवीत भिंगाच्या शेजारी त्याला जागा आहे.

कायदा खिशात ठेवा

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी हत्यारं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत आणि पुरावस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. आपली वस्तू शंभर वर्षांची नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. परदेशी नेणाऱ्यांनी ते आधी घ्यावं. हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव कायद्याची बंदी आहे, मूठ कितीही जुनी असो. शस्त्रांच्या नियमांत खंजीर येतो, शिवाय नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरीही येते. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी चौकशी करा. संग्रह कपाटात असावा, कमरेला नाही.

डोळा तयार करायचा तर पैसे खर्च न करता करा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, इथं एकेका कपाटापुढे अर्धा तास थांबा. मुंबईत अकबराचं 1581 चं चिलखत आहे. ते बघितल्यावर कट्यारीचं जाड टोक कशासाठी होतं ते आपोआप कळतं.

माझ्याकडे आज एकच कट्यार आहे जिच्याबद्दल मी छातीठोकपणे बोलतो. साधी, सोनं नसलेली, एका ओळखीच्या घरातल्या आजींनी दिलेली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हिची पूजा व्हायची, आता कुणाला वेळ नाही, तू सांभाळ," म्हणाल्या. भिंगाखाली तिच्या आडव्या दांडीच्या बेचक्यात लालसर काळा थर दिसला. मी आधी गंजच समजलो. लाकडी काडीनं कणभर उचलला, पांढऱ्या कागदावर ओला केला, आणि कागदावर पिवळी कड असलेला लाल डाग पसरला. हळद आणि कुंकू. एकावर एक बसलेले किती खंडेनवम्यांचे थर होते ते मोजता आलं नाही. पात्यावरचा ओलसर भाग मी तेलाच्या फडक्यानं पुसून काढला, कारण त्याच्याखाली गंज धरत होता. बेचक्यातला तसाच ठेवलाय.